राग आहे की रुसवा? आधी ओळखू या



"काय गं, गप्प का आज?" असे मैत्रिणीने विचारले, की आपले उत्तर ठरलेले असते, "काही नाही." घरधनी कामावरून येतात, ताट पुढे ओढतात आणि भाजीला नाव ठेवतात. "काय झालं हो?" "काही नाही." मुलगा शाळेतून येतो आणि दप्तर कोपऱ्यात भिरकावतो. "काय झालं रे?" "काही नाही." दोन खोल्यांच्या एका घरात तीन माणसांना काहीतरी झालेले असते आणि विचारावे तर तिघांनाही काही झालेले नसते! मग रात्री पाण्याच्या तांब्यावरून भांडण पेटते. शेजारीपाजारी म्हणतात, "एवढ्याशा तांब्यासाठी?" भांडण तांब्याचे नसतेच. दिवसभर गिळलेले ते 'काही नाही' बाहेर आलेले असते.

आज आम्ही लिहिणार आहोत ते या 'काही नाही'विषयी. आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, त्याला त्याच्या खऱ्या नावाने संबोधणे आणि ते आपले आहे हे मान्य करणे, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण संसार, शेजार आणि विशेषतः मैत्री यांत जी मोडतोड होते, तिच्यातील बरीचशी इथूनच सुरू होते, असे आम्हाला वाटते.

आपल्या समाजात या 'काही नाही'ला एक जुने कारणही आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना मनातले सांगण्याची सोयच नव्हती. रागावले तर गावात राहणे मुश्कील. रडत बसले तर त्या दिवसाची मजुरी बुडायची. अपमान झाला तरी मान खाली घालून पुढे जायचे आणि घरी येऊन भाकरी खायची. तोंड मिटून जगण्याची ती सवय त्या काळात जीव वाचवणारी होती, म्हणून तिला आम्ही नावे ठेवणार नाही. पुढे गाव सुटले, शिक्षण झाले, नोकरी लागली, फ्लॅट झाला. सवय मात्र सामानाबरोबर नव्या घरात आली. ज्यांच्यापुढे तोंड मिटायचे ते मागे राहिले आणि आता आपण तोंड मिटतो ते आपल्याच माणसांपुढे!

अंग आधी सांगते

मनातले ओळखायचे कसे, असे कुणी विचारील. त्यासाठी फार लांब जायला नको. आपली मराठी भाषाच पुष्कळ शिकवते. तळपायाची आग मस्तकात जाते, पोटात गोळा येतो, घशाशी आवंढा येतो, कानशिले तापतात, छाती भरून येते, जीव टांगणीला लागतो, अंगावर काटा येतो, मनात उकळ्या फुटतात. हे सगळे शब्द अंगाचे आहेत. भावना मनाला कळण्याच्या आधी अंगाला कळते, हे आपल्या बायाबापड्यांनी फार पूर्वी ताडले होते.

म्हणून पहिली खूण अंगात शोधावी. बसमध्ये उभे असताना जबडा घट्ट आवळला गेला आहे का? एखाद्या व्यक्तीचा फोन आला की पोटात खळगा पडतो का? एखाद्या घराच्या दारात पाऊल जड होते का? अंग खोटे बोलत नाही. मात्र ते अर्धवट बोलते. छातीत धडधडते आहे एवढे ते सांगते. पण ती धडधड भीतीची, रागाची की आनंदाची, हे आपल्याला शोधावे लागते.

इथेही मराठी उपयोगी पडते. ज्याला आपण सरसकट 'राग' म्हणतो, त्याच्या पोटात किती वेगवेगळ्या गोष्टी आहेत पाहा. रुसवा हा आपल्या माणसावरच होतो. परक्यावर कुणी रुसत नाही. रुसव्यात 'मला समजूत घालायला ये' अशी मागणी दडलेली असते. चीड येते ती अन्यायाची. वैताग असतो थकव्याचा. हेवा म्हणजे 'त्याच्याकडे आहे ते मलाही हवे होते'. मत्सर म्हणजे 'त्याच्याकडे ते नसावे'. खंत आपल्या हातून राहून गेल्याची, हळहळ हातचे निसटल्याची, तर धास्ती पुढे काय होईल याची. औषधाच्या दुकानात जाऊन कुणी 'एक औषध द्या' असे म्हणत नाही. काय दुखते ते सांगावेच लागते. मनाच्या बाबतीत मात्र आपण 'डोकं फिरलंय' एवढ्यावर भागवतो.

नाव चुकले की मैत्री तुटते

एक उदाहरण घेऊ. असे घर आणि अशा मैत्रिणी पुष्कळांनी पाहिल्या असतील. दोघी एकाच चाळीत लग्न होऊन आल्या. एकीच्या बाळंतपणात दुसरीने डबा नेला. महिला मंडळाच्या सहलीला दोघी शेजारी बसल्या. दोघींची मुले एकाच वर्षी बारावीला बसली. एकीच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. दुसरीच्या मुलाचे दोन विषय राहिले. पहिली पेढे घेऊन आली. दुसरीने पेढा घेतला, "छान झालं बाई" म्हणाली आणि त्या दिवसापासून तिला पहिलीकडे जायला वेळ मिळेना!

पुढे काय होते, तेही नेहमीचेच. दुसरीला आता मैत्रिणीतले दोष दिसू लागतात. "फार मिरवते." "पोरीला डोक्यावर बसवून ठेवलंय." "आता कशाला ती आपल्याला विचारेल?" ही सगळी वाक्ये तिला खरी वाटतात. आपण मैत्रिणीच्या स्वभावाविषयी बोलतो आहोत, असे ती प्रामाणिकपणे समजत असते. वास्तविक तिच्या मनात असतो हेवा. त्या हेव्याच्या खाली असते मुलाच्या भवितव्याची काळजी. आणि त्याच्याही खाली कदाचित ही टोचणी असते की, 'मीच लक्ष द्यायला कमी पडले.' पण हेवा हा शब्द वाईट. चांगल्या बाईला हेवा वाटत नाही, असे आपल्याला शिकवलेले. म्हणून तो शब्द ती मनातसुद्धा उच्चारत नाही आणि पंधरा वर्षांची मैत्री एका पेढ्यावर तुटते.

तिने एका संध्याकाळी स्वतःशी एवढेच म्हटले असते, "मला हेवा वाटतोय. वाटणारच. माझ्या पोराचं अडलंय," तर काय झाले असते? हेवा लगेच गेला नसता. पण मैत्रीण वाईट ठरली नसती. काळजीचा इलाज शोधता आला असता. चार दिवसांनी ती त्याच मैत्रिणीला म्हणू शकली असती, "ताई, तुझ्या आनंदात मी आहेच गं. पण पोराच्या काळजीनं मला झोप नाही. म्हणून आले नाही." आणि बहुतेक वेळा त्या मैत्रिणीनेच पुनर्परीक्षेची चौकशी करून दिली असती.

नाव दिल्याने भावनेची धार उतरते, ही नुसती समजूत नव्हे. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. त्या चेहऱ्यावरील भावनेला शब्द निवडायला सांगितले, तेव्हा मेंदूतील धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली आणि विचार करून आवर घालणाऱ्या भागाची वाढली, असे मेंदूच्या चित्रणात दिसले. उलट, मनातले दाबून टाकायला गेले तर काय होते? डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असे त्याने विद्यार्थ्यांना सांगितले. घंटी वाजतच राहिली! नंतर विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा ज्यांना आधी मनाई होती त्यांच्या मनात अस्वल अधिकच आले. दाबलेल्या रागाचे आणि हेव्याचेही असेच होत असणार.

अडीच हजार वर्षांपूर्वीची शिकवण

हे वाचताना विहारात जाणाऱ्या आमच्या वाचकांना काही आठवले असेल. दीघनिकायातील महासतिपट्ठान सुत्तात तथागतांनी कायेबरोबरच वेदनेकडे आणि चित्ताकडे पाहायला सांगितले आहे. वेदना म्हणजे इथे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नाही अशी, कोणतीही जाणीव. चित्ताविषयी त्यांनी सांगितले ते अगदी साधे आहे. चित्तात द्वेष असेल तर द्वेष आहे हे जाणावे. द्वेष नसेल तर नाही हे जाणावे. लोभ, मोह यांचेही तसेच. चित्त आकसलेले आहे की विखुरलेले, तेही जाणावे. या ठिकाणी 'द्वेष आला म्हणून स्वतःला शिक्षा करा' असे म्हटलेले नाही. आधी जाणणे. तो कशाने उपजला, कशाने मावळतो, हे पाहणे त्याच्या पुढचे.

संयुत्तनिकायात दोन बाणांची उपमा आहे. माणसाला एक बाण लागतो, तो दुखतोच. पण अजाण माणूस त्या दुखण्यावर शोक आणि संताप करून घेतो, तेव्हा जणू त्याला दुसराही बाण लागतो. आपल्या रोजच्या व्यवहारात हा दुसरा बाण आपण वारंवार मारून घेतो. वाईट वाटते हा पहिला बाण. 'मला वाईट वाटतंच कसं? मी एवढी कमकुवत कशी?' हा दुसरा. हेवा वाटला, हा पहिला. 'मी किती नीच,' हा दुसरा. पहिला चुकवणे नेहमी आपल्या हाती नसते. दुसरा मात्र टाळता येतो, आणि तो टळतो तो मान्य करण्याने.

शब्दांची एक छोटीशी अदलाबदल इथे उपयोगी पडते. 'मी हेवेखोर आहे' असे म्हणू नये. 'आत्ता माझ्या मनात हेवा आला आहे' असे म्हणावे. पहिल्या वाक्यात आपण म्हणजेच हेवा होऊन बसतो. दुसऱ्यात हेवा आला आहे, म्हणजे तो जाणारही आहे.

मान्य करणे म्हणजे मुकाट सोसणे नव्हे

आता एक आक्षेप. आमचे तरुण वाचक म्हणतील, "म्हणजे पुन्हा तेच! अपमान झाला तरी 'मान्य' म्हणून गप्प बसायचे का?" मुळीच नाही. भावना मान्य करणे वेगळे आणि ती ज्यामुळे उपजली ती परिस्थिती मान्य करणे वेगळे. हा फरक आपल्या समाजाने तरी कधीही विसरू नये.

कचेरीतला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडलेले असतात. बढतीची यादी लागलेली असते. शेजारचा सहकारी, रोज ज्याच्याबरोबर चहा घेतो तोच, हसत हसत म्हणतो, "तुमचं काय बुवा, तुम्हाला काय कमी? जावईच तुम्ही सरकारचे!" सगळे हसतात. आपणही हसतो. घरी येताना लोकलमध्ये डोके दुखू लागते. घरी मुलीने गणितात चूक केली म्हणून तिच्या पाठीत धपाटा बसतो. धपाटा कुणाचा होता आणि बसला कुणाला?

या प्रसंगात मनात किमान तीन गोष्टी असतात. एक, चीड. 'मी परीक्षा दिली, रात्रीचा दिवस केला, त्याचे काहीच नाही?' दोन, दुःख. 'याला मी मित्र समजत होतो.' आणि तीन, एक चोरटी लाज. जणू आपणच काही लपवत होतो आणि ते चारचौघांत उघडे पडले. यातली चीड आणि दुःख आपले आहे. ते ओळखावे, मान्य करावे. लाज मात्र आपली नाही. ज्याने ते वाक्य उच्चारले, ती त्याची आहे. पण हे कळायला आधी या तिघींना वेगवेगळे करावे लागते. सगळ्याला 'जाऊ दे, गंमत केली त्याने' असे म्हटले तर लाज आपल्याच गळ्यात राहते आणि चीड मुलीच्या पाठीत उतरते.

ओळखल्यावर मात्र मार्ग मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला गाठून शांतपणे सांगता येते, "काल तू बोललास ते मला लागलं. तू मित्र आहेस म्हणून सांगतोय. पुन्हा तसं बोलू नकोस." तो खरा मित्र असेल तर ओशाळेल. नसेल, तर तेही कळेल. तेच तेच घडत असेल तर लेखी तक्रारीचा मार्ग आहे, संघटना आहे. हे सगळे थंड डोक्याने करण्याचे काम आहे आणि डोके थंड होते ते आग ओळखल्यावर.

महाडचे स्मरण इथे होणे साहजिक आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ले झाले, डोकी फुटली. आपल्या बाजूला माणसांची कमी नव्हती. त्यांत लष्करात नोकरी केलेलेही होते. उलटून मारण्याची परवानगी द्या, एवढेच ते मागत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्यांना चीड आली नव्हती असे कोण म्हणेल? त्या चिडीचे नाव त्यांना नेमके ठाऊक होते, म्हणूनच ती दगडफेकीत संपली नाही. तीच चीड पुढे कोर्टात उभी राहिली आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाकडून तळ्याचा हक्क शाबूत करून घेईपर्यंत दहा वर्षे टिकली. न ओळखलेला राग दहा मिनिटांत जळून जातो आणि घर जाळून जातो. ओळखलेला राग दहा वर्षे काम करू शकतो.

पुरुषमाणूस रडत नाही?

आपल्या घरांत मुलग्याला पाचव्या-सहाव्या वर्षीच बजावले जाते, "मुलीसारखा रडतोस काय!" त्या एका वाक्यात दोघांचा अपमान आहे. मुलीचा, कारण रडणे हे कमीपणाचे आणि ते तिचे ठरवले. मुलग्याचा, कारण त्याच्याकडून एक भाषाच काढून घेतली. मोठेपणी त्याला दुःख झाले की त्याच्याजवळ दोनच मार्ग उरतात, ओरडणे किंवा गुत्त्याची वाट. दुःखाचे पैसे मग घरची बाई आणि मुले मोजतात.

ज्यांना आपण सर्वांत कणखर मानतो, त्यांच्याकडे पाहा. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे गमावली. राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. त्या पत्रात धीराचा आव नाही. मुलांच्या जाण्याने आपण पार खचलो आहोत, जगण्यातली चव गेली आहे, हे त्यांनी मित्राला उघडपणे कळवले. तेव्हा महाड व्हायचे होते, गोलमेज परिषद व्हायची होती, राज्यघटना व्हायची होती. दुःख मान्य केल्याने माणूस दुबळा होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या पत्राची तारीख आणि पुढचा इतिहास शेजारी ठेवून पाहावा.

आणखी मागे जायचे तर भदंत आनंदांचे उदाहरण आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणाची वेळ जवळ आली, तेव्हा आनंद आत जाऊन, दाराला टेकून रडत उभे राहिले. तथागतांनी त्यांना बोलावून घेतले. प्रिय असलेल्या सर्व गोष्टींचा वियोग अटळ आहे, हे त्यांना समजावले. पण 'भिक्षू असून रडतोस?' असे म्हणून हिणवले नाही. उलट, त्यांनी इतकी वर्षे केलेल्या मायेच्या सेवेचे सर्वांसमोर कौतुक केले. रडणाऱ्या माणसाशी कसे वागावे, याचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

मित्राला सांगावे कसे?

दीघनिकायातच सिगालोवाद सुत्त आहे. त्यात खऱ्या मित्राचे चार प्रकार सांगितले आहेत. उपकार करणारा, सुखदुःखात सारखाच राहणारा, हिताचे सांगणारा आणि अनुकंपा असणारा. सुखदुःखात सारखा राहणारा मित्र आपले गुपित सांगतो आणि आपल्या मित्राचे गुपित राखतो, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे मनातले सांगणे हा मैत्रीचा भाग आहे आणि ऐकलेले पोटात ठेवणे हाही तितकाच. म्हणून प्रत्येकाला सगळे सांगत सुटू नये. नळावर सांगितलेले दुःख संध्याकाळपर्यंत चाळभर होते. एक किंवा दोन माणसे निवडावीत.

सांगताना 'तू' ऐवजी 'मला' या शब्दाने सुरुवात करावी. "तू नेहमीच असं करतेस" असे म्हटले की समोरची व्यक्ती ढाल पुढे करते. "तू सांगून आली नाहीस तेव्हा मला एकटं वाटलं" असे म्हटले की तिला उत्तर देता येते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी. भावना खरी असते, पण तिने काढलेला अर्थ खराच असेल असे नाही. आजकाल व्हॉट्सॲपवर निरोप वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही. 'वाचून गप्प बसली, म्हणजे मला टाळते,' असे मन लगेच ठरवते. वाईट वाटले हे खरे. टाळते हे मात्र अजून ठरायचे आहे. तिच्या सासूबाई दवाखान्यात असतील. गॅसवर दूध असेल. वाईट वाटणे मान्य करून सरळ विचारावे, "काल उत्तर आलं नाही, सगळं बरं आहे ना?" निम्मे रुसवे एवढ्यावर मिटतात.

ऐकणाऱ्यासाठीही दोन शब्द. कुणी मनातले बोलू लागले की आपण लगेच, "त्यात काय एवढं! माझं तर याहून वाईट झालं," असे सुरू करतो. किंवा चार उपदेश देऊन मोकळे होतो. तसे करू नये. "वाईट वाटलं असेल तुला," एवढे म्हणून गप्प बसावे. उपाय मागितला तरच द्यावा. मुलांच्या बाबतीतही हेच. "रडू नको, उगी" याच्या आधी "पेन हरवलं म्हणून वाईट वाटलं ना?" असे विचारून पाहावे. मुलाला एक शब्द मिळतो. तो शब्द त्याला जन्मभर पुरतो.

या आठवड्यात करून पाहा

आम्ही वाचकांना एक साधा परिपाठ सुचवतो. त्याला पैसे लागत नाहीत. फार वेळही लागत नाही.

संध्याकाळी दिवाबत्ती झाली, वंदना झाली की पाच मिनिटे बसावे. दिवसभरात अंगाला कुठे ताण आला ते आठवावे. त्याला एक मराठी शब्द शोधावा. 'राग' सुचला तर तिथेच थांबू नये. रुसवा का, चीड का, थकवा का, असे विचारावे. मग मनात म्हणावे, "हे आज माझ्या मनात आले होते." त्यावर न्यायनिवाडा करू नये. शेवटी एकच प्रश्न विचारावा, "याविषयी कुणाशी बोलायला हवे आहे का?" असेल तर उद्या बोलावे. नसेल तर झोपावे. ज्यांना लिहिण्याची सवय आहे त्यांनी मुलांच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर दोन ओळी लिहाव्यात. वही मात्र इतरांनी वाचू नये. हा घरातला नियम करावा.

पहिले दोन-तीन दिवस काहीच सापडणार नाही. 'काही नाही' हेच उत्तर येईल. इतक्या वर्षांची सवय आहे ती. चौथ्या-पाचव्या दिवशी काहीतरी हाताशी लागेल.

एवढ्याने भागत नसेल तर

काही वेळा मात्र घरगुती उपाय पुरत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, अन्न गोड लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ताप अंगावर काढू नये तसा हाही अंगावर काढू नये. अंगात आले, बाधा झाली, असे म्हणून कुणाच्या नादी लागू नये. डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती चोवीस तास आणि मोफत आहे. मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे विचार कुणी बोलून दाखवले, तर त्याला 'नाटक' समजू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवून द्यावी.

भगिनी-बंधूंनो, 'जाणणे' या शब्दाला आपल्या परंपरेत फार मान आहे. जग जाणावे, इतिहास जाणावा, हक्क जाणावेत, हे आपण शिकलो. त्याच शिस्तीने आपले स्वतःचे मनही जाणावे, एवढेच आमचे सांगणे आहे. ज्या मैत्रिणीकडे किंवा मित्राकडे तुम्ही बरेच दिवस गेला नाहीत, ज्याच्याविषयी विचारले की तुम्ही 'काही नाही, वेळच मिळत नाही' असे सांगता, त्याच्यापासून सुरुवात करा. वेळ खरोखरच नाही, की दुसरे काही आहे? उत्तर सापडले तर येत्या रविवारी त्याच्या घरी जाऊन या.

पुढील आठवड्यात मुलांच्या हट्टाविषयी लिहू.

जयभीम. सर्वांचे मंगल होवो.